वाढवलेल्या दुकानाचं शटर

मित्रांनो, मी एक जुनं शटर आहे. माझी उंची नऊ फूट, रुंदी साडेआठ फूट आणि आवाज दोन गल्ल्या पलीकडे जाईल एवढा. तुम्ही म्हणाल, शटरला कसलं आलंय आयुष्य? सकाळी वर, संध्याकाळी खाली. पण लोखंडालाही धडकी भरते, हे मला यंदाच्या मार्च महिन्यात कळलं. तेच सांगायला आज तोंड उघडलं आहे. तसं तोंड उघडणं हेच माझं काम.

माझा जन्म भिवंडीतल्याच एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. काळूराम नावाच्या कारागिराने लोखंडी पट्ट्या एकीत एक अडकवल्या, वरच्या दांड्यात स्प्रिंगा बसवल्या आणि धामणकर नाक्यावरच्या एका गाळ्याला मला लावून दिलं. निघताना तो मालकिणीला म्हणाला, "बाई, वरसातून दोनदा ग्रीस लावा. न्हाय लावलं तर हा वरडंल, मग मला शिव्या घालू नका." मालकिणीने पहिली दोन वर्षं ग्रीस लावलं. पुढे विसरली. मग मी ओरडायला लागलो, आणि खरं सांगू का, त्या ओरडण्याची मला सवयच झाली. सकाळी माझा आवाज ऐकून शेजारचे लोक घड्याळ बघत.

माझ्या मालकीणबाई म्हणजे कमळाबाई. त्यांचं साड्यांचं दुकान. त्यातही पांढऱ्या साड्यांचं. आमच्याकडे बुद्धवंदनेला, चौदा एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला बाया पांढरी साडी नेसतात. कुणाला निळ्या काठाची हवी, कुणाला बिनकाठाची, कुणाला पाच वेळा धुतली तरी पिवळी न पडणारी. कमळाबाई चिमटीत पदर धरून सांगत, "ही घ्या. हिला नातसून नेसंल." पडघ्यापासून बाया यायच्या. गाळा भाड्याचा, पण मी, आतले रॅक आणि वरची पाटी कमळाबाईंच्या पैशाची. त्यामुळे मला थोडी घमेंड होती. भाड्याच्या घरातला मी स्वतःचा माणूस.

दुकानात सुरुवातीची काही वर्षं त्यांच्या सासूबाई स्टुलावर बसून असायच्या. सगळे त्यांना आक्का म्हणत. एकदा कमळाबाई गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "आता दुकान बंद करायचंय." आक्कांनी तिथल्या तिथे झापलं. "बंद काय म्हणतेस गं? बंद झालं म्हंजे संपलं. दुकान वाढवते म्हणावं. दिवा पण इझवायचा नसतो, वाढवायचा असतो." तुमच्याही घरात कुणाची बांगडी फुटली तर 'वाढवली' म्हणत असतील. अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही म्हणून आपल्या लोकांनी हा चांगला शब्द पुढे केला. आक्का गेल्या, पण कमळाबाईंनी त्यांचा शब्द मोडला नाही. एकोणीस वर्षं त्या रोज दोनदा मला खाली ओढत होत्या, दुपारी जेवायला जाताना आणि रात्री, आणि रोज दोनदा म्हणत होत्या, "चला, वाढवू या."

कमळाबाईंची मुलगी उन्नती. मी लागलो तेव्हा दुसरीत होती, माझ्या पट्ट्यांवर खडूने बेरजा करायची. आता ती दापोड्याला एका गोदामाच्या ऑफिसात कागदपत्रं सांभाळते. तीन वर्षांपूर्वी तिनेच आईच्या मागे लागून दुकानाचा विमा काढायला लावला. कमळाबाई म्हणाल्या होत्या, "आग लागो, पूर येवो, कशाला असलं बोलायचं?" पण एजंट आला, त्याने दुकानाचा आणि माझा फोटो काढला आणि विचारलं, "माल कितीचा धरू?" तो श्रावणाच्या आधीचा मंदीचा महिना होता. कमळाबाईंनी रॅककडे बघितलं आणि दिसला तेवढा सांगितला. सीझनला माल किती वाढतो हे एजंटने विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. पुढे दरवर्षी तोच आकडा चालत राहिला. पॉलिसीचा कागद गल्ल्याखालच्या खणात ठेवला आणि सगळे विसरून गेले. मीही विसरलो.

मार्चचा शेवटचा आठवडा होता. चौदा एप्रिलचा माल येऊन पडला होता. गठ्ठे छताला टेकले होते. दुपारी दीड वाजता कमळाबाईंनी आतल्या बुद्धमूर्तीपुढचा दिवा फुंकर न घालता, वात मागे ओढून शांत केला. मला खाली ओढलं, दोन्ही बाजूंची कुलपं लावली, ओढून बघितली आणि घरी गेल्या.

सव्वादोनच्या सुमाराला मीटरच्या फळीवर तडतड झाली. एक ठिणगी खालच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर पडली. मी सगळं बघत होतो आणि काही करू शकत नव्हतो. कुलूप लावलेलं शटर ना वर जातं ना ओरडतं. धूर आधी छताशी जमला, मग खाली उतरला. माझ्या पट्ट्या तापल्या. शेजारच्या सायकलच्या दुकानातला हरेश मला टेकून मोबाईल बघत बसला होता. तो चटका बसल्यासारखा उठला. चटका बसलाच होता.

"ए, कमळाताईंच्या दुकानात आग हाय! पाणी आणा! फायर ब्रिगेडला फोन लावा कुणीतरी!"

त्याने पहार आणली, माझ्या खालच्या पट्टीत घातली आणि कुलपं तोडली. मी वाकलो. मला दुखलं, पण त्या वेळी मला त्याच्या पाया पडावंसं वाटत होतं. मी अर्धा वर गेलो आणि अडकलो. त्या अर्ध्या फटीतून बंबाने पाणी मारलं. कमळाबाई धावत आल्या तेव्हा त्यांचा उजवा हात अजून भाताचा होता.

अर्ध्या तासात आग विझली. मागचे रॅक कोळसा झाले होते. पुढचे गठ्ठे जळले नव्हते, पण पांढऱ्या साड्या धुराने करड्या आणि पाण्याने चिप्प झाल्या होत्या. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. कमळाबाई फुटपाथवर बसल्या आणि एवढंच म्हणत राहिल्या, "आता बायांना काय देऊ? सांगून ठेवलंय सगळ्यांना."

इथून पुढे जे झालं ते लक्ष देऊन ऐका. आग अर्ध्या तासाची होती, तिच्यामागून आलेली धाकधूक पावणेदोन महिन्यांची.

हरेश मनाचा चांगला, पण त्याला दम निघत नाही. तो म्हणाला, "ताई, रडू नका. मी भंगारवाल्याला बोलावतो. दोन तासांत गाळा धुवून चकाचक." चार बाया बादल्या घेऊन आल्या, साड्या पिळायला लागल्या. कमळाबाईंनीही बादली उचलली. घाण झालेला पांढरा कपडा त्यांना बघवत नव्हता.

तेवढ्यात उन्नती शेअर रिक्षातून उतरली. तिने आधी आईला मिठी मारली आणि मग ओरडली, "कुणी कशाला हात लावू नका! विम्याचा सर्व्हेयर येऊन बघेपर्यंत राखसुद्धा हलवायची नाही."

"अगं, साड्या वाळवू तरी दे."

"आई, तू धुतल्यास तर नुकसान झालं होतं हे कोण मानेल? पॉलिसी कुठंय?"

कमळाबाईंनी गल्ल्याकडे बोट दाखवलं. तिथे खणही नव्हता आणि कागदही. उन्नतीचा चेहरा उतरला. मग तिने मोबाईलमध्ये शोधशोध करून विमा पुढे चालू केल्याचा मेसेज काढला. त्यात पॉलिसीचा नंबर होता. तिने तिथूनच कंपनीला फोन केला. पलीकडून क्लेमचा नंबर मिळाला तेव्हा हाताशी कागद नव्हता, म्हणून तिने तो खडूने माझ्या पट्टीवर लिहिला. पुढचे दोन दिवस मी तो नंबर छातीवर घेऊन उभा होतो. लोक येता-जाता वाचायचे आणि मला लाजल्यासारखं व्हायचं. त्या दोन दिवसांत उन्नतीने गाळ्याचे सगळीकडून फोटो काढले, फायर ब्रिगेडचा दाखला मागितला, पोलिसांकडून पंचनाम्याची प्रत आणली.

तिसऱ्या दिवशी सर्व्हेयर आल्या. पूर्वा मॅडम. पडघ्याच्या पुढच्या एका पाड्यावरच्या, स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या. बोलणं कमी, नजर धारदार. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं, "मी कंपनीची नोकर न्हाय आणि तुमचीही. मी बघणार, मोजणार आणि आहे ते लिहिणार. पैसे द्यायचे की नाही, ते कंपनी ठरवते."

त्यांनी मीटरची फळी बघितली. गठ्ठे उलटून मोजले. मला टेपने मोजलं, माझा वाकलेला भाग बघितला, आतली काजळी बोटाने पुसून बघितली. एकोणीस वर्षांत मला इतकं कुणी निरखलं नव्हतं.

"मागच्या रॅकवर किती साड्या होत्या?"

हरेश मागे उभा होता. तो खोकला आणि कमळाबाईंच्या कानाशी कुजबुजला, "शंभरेक जास्ती सांगा. राख कोण मोजतंय!"

माझी स्प्रिंग ताणली गेली. कमळाबाईंनी पदराने तोंड पुसलं. सगळं गेलेल्या माणसाच्या मनात असा विचार येत नाही असं नाही. मग म्हणाल्या, "तीनशे चाळीस. चाळीसात दोन-चार इकडंतिकडं असतील. बिलं जळली."

"ज्याच्याकडून माल घेतला त्याच्याकडून बिलांच्या दुसऱ्या प्रती आणा," पूर्वा मॅडम म्हणाल्या. "आणि त्या दिवशी काय झालं ते तुमच्या हाताने, तुमच्या भाषेत लिहून द्या. ऐकलेलं नको. केलेलं आणि पाहिलेलं लिहा."

कमळाबाईंनी मला टेकून, मांडीवर पुठ्ठा घेऊन एक पानभर लिहिलं. खाली सही केली. उन्नतीने त्याचा फोटो काढून ठेवला. बिलांच्या प्रती आल्या, त्यातून उरलेला माल वजा केल्यावर तीनशे अडतीस साड्या निघाल्या. मला वाटलं, झालं आता. खरं बोललेल्या माणसाला कसली भीती?

चौदा एप्रिल आला. मिरवणूक आमच्या समोरून गेली. पांढऱ्या साड्यांतल्या बाया काळ्या पडलेल्या गाळ्याकडे बघत होत्या आणि कमळाबाईंना नमस्कार करत होत्या. कमळाबाई दारात उभ्या राहून हसून जयभीम म्हणत होत्या. मिरवणूक वळल्यावर त्या माझ्या आडोशाला आल्या आणि रडल्या. घरमालकाने सांगून ठेवलं होतं की मे अखेरपर्यंत दुकान चालू करा, नाही तर गाळा दुसऱ्याला देतो. क्लेम आला तर माल भरता येणार होता. नाही आला तर एकोणीस वर्षांची जागा हातची जाणार होती.

एप्रिलच्या शेवटी कंपनीचं पत्र आलं. इंग्रजीत होतं. उन्नती ते दारात उभं राहून वाचायला लागली आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला.

"आई, यात लिहिलंय, आगीच्या दिवशी दुपारी दीड वाजता तू दिव्याची ज्योत मोठी केलीस. आणि मग दुकानाचा विस्तार केलास. कंपनीला न कळवता. म्हणून क्लेम का नाकारू नये, ते सात दिवसांत कळवा. नाही तर फाइल बंद."

"कुणी केला इस्तार?"

"तूच लिहून दिलंयस, असं म्हणतायत."

"मी? मी कशाला असलं लिहीन?"

"आई, खरं सांग. मागची भिंत पाडून काही जागा घेतली होतीस का? दिवा मोठा ठेवून गेली होतीस का? आता तरी माझ्यापासून लपवू नकोस."

कमळाबाईंनी मुलीकडे असं बघितलं की मला माझी नजर वळवावीशी वाटली. "तूपण?" एवढंच त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. मी दोघींच्या मधे अर्धा लटकत होतो. मला ठाऊक होतं की भिंतीला कुणी हात लावला नव्हता. पण शटरची साक्ष कोण घेतो?

मग उन्नतीने मोबाईल काढला. आईच्या निवेदनाचा फोटो उघडला आणि मोठ्याने वाचायला लागली. "दुपारी दीड वाजता मी बुद्धापुढचा दिवा वाढवला. मग दुकान वाढवलं. कुलूप..."

ती थांबली. तिने पुन्हा वाचलं, या वेळी हळू. मग कपाळावर हात मारून घेतला. "आई! वाढवलं! त्यांनी 'वाढवलं' म्हणजे मोठं केलं, असं घेतलंय!"

"मग वाढवलंच की! रोजच वाढवते. आता दुकान वाढवायला पण कंपनीला इचारायचं का?"

उन्नती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून म्हणाली, "चुकलं माझं." कमळाबाईंनी तिच्या केसांतून हात फिरवला, पण त्यांचे डोळे पत्रावरच होते. एका शब्दापायी सगळं अडलं होतं आणि सात दिवसांतला एक दिवस संपत आला होता.

हरेशला हे कळलं तेव्हा तो लगेच उपाय घेऊन आला. "सोप्पं हाय. नवीन कागद लिहा. 'दुकान बंद केलं' म्हणा, तारीख जुनी टाका. पहिला कागद माझा न्हाय म्हणून सांगा."

"सही माझी हाय," कमळाबाई म्हणाल्या. "सही माझी असताना माझी न्हाय कशी म्हणू?"

उन्नतीने पूर्वा मॅडमना फोन लावला. स्पीकरवर त्यांचा आवाज ऐकू आला. "पहिलं निवेदन बदलू नका, फाडू नका. तसं केलंत तर मात्र खरंच क्लेम जाईल. मी जागेचं माप आधीच दिलेलं आहे. तरी कंपनीचे अधिकारी स्वतः बघायला येणार आहेत. जे विचारतील त्याचं खरं उत्तर द्या. आणि जे सांगाल ते लेखी द्या."

चौथ्या दिवशी पूर्वा मॅडम कंपनीच्या मेहरा साहेबांना घेऊन आल्या. साहेबांना मराठी येत नव्हतं. ते आत शिरले आणि मागची भिंत बोटाने ठोकायला लागले. एका जागी त्यांचं बोट थांबलं. तिथे प्लास्टर निघून विटा दिसत होत्या. "ये नया काम है?" त्यांनी विचारलं. पूर्वा मॅडम म्हणाल्या, बंबाच्या पाण्याने प्लास्टर निघालं, विटा जुन्याच आहेत, काजळी आतपर्यंत गेलेली बघा. साहेबांनी विटेवर नख ओढून बघितलं. मग बाहेर येऊन त्यांनी मला मोजलं. साडेआठ फूट. एजंटच्या जुन्या फोटोशी ताडून बघितलं. तरीही त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही. त्यांनी निवेदनाचा कागद पुढे धरला.

"ये लेटर आपका है?"

नाक्यावरचा सगळा गोंगाट मला ऐकू येईनासा झाला. हरेश डोळ्यांनी खुणावत होता, नाही म्हणा, नाही म्हणा.

"हां, मेराच है," कमळाबाई म्हणाल्या. "मैंने लिखा, मैंने सही किया."

"इसमें लिखा है, दुकान बढ़ाया. तो कहाँ बढ़ाया?"

कमळाबाईंना हिंदीत कसं सांगावं ते सुचेना. त्या माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "ऐसा. नीचे किया. रोज करते हैं ना, वाढवते हैं!" साहेब आणखीच गोंधळले.

समोरच्या टपरीवर बसून बारीक डोळ्यांनी रफू करणारे मुस्तकीमचाचा मघापासून ऐकत होते. ते उत्तर प्रदेशातल्या मऊ गावचे, चाळीस वर्षांपूर्वी लूमवर काम करायला भिवंडीत आले आणि इथलेच झाले. ते सुई टोपीत खोचून उठले.

"साहब, गुस्ताख़ी माफ़. आप किधर के हैं?"

"कानपुर."

"तो फिर आपको तो मालूम होना चाहिए. दुकान बंद थोड़े ही की जाती है, दुकान बढ़ाई जाती है. चिराग़ बुझाया नहीं, बढ़ाया जाता है. हमारे अब्बा यही बोलते थे. ये बहनजी भी वही बोल रही हैं."

मेहरा साहेब कागदाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हमारी नानी कहती थीं, दिया बढ़ा दो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "असल में मराठी लेटर मशीन में डालकर अंग्रेज़ी किया था. मशीन की नानी नहीं होती."

सगळे हसले. साहेब मात्र हसले नाहीत. "मेरे समझने से कुछ नहीं होगा. मुझे ये फाइल में चाहिए. लिखकर दीजिए. सबूत के साथ."

पहिल्यांदा मला त्यांचा राग आला. नंतर कळलं, माणूस फाइलबरोबर कायमचा राहत नाही, कागद राहतो. उन्नती रजा टाकून वाचनालयात गेली. जाडजूड शब्दकोशातलं एक पान झेरॉक्स करून आणलं. त्यात 'वाढवणे'च्या पुढे छापलेलं होतं, दुकान मिटणे, दिवा मालवणे. तिने त्या शब्दाखाली रेघ मारली. कमळाबाईंनी खुलासा लिहिला, पहिलं निवेदन खरं असल्याचं सांगून. नाक्यावरच्या अकरा दुकानदारांनी सह्या केल्या की इथे दुकान वाढवणे म्हणजे मिटणे. पहिली सही हरेशची, कारण खोटा कागद सुचवून तोच सर्वांत जास्त लाजला होता. मुस्तकीमचाचांनी उर्दूत सही केली. सहाव्या दिवशी उन्नतीने सगळं कंपनीत नेऊन दिलं आणि पोचपावती घेतली. पोचपावतीचाही फोटो काढला. आता तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

मग परत वाट पाहणं. बुद्धपौर्णिमा तशीच गेली. घरमालक एकदा येऊन टेपने गाळा मोजून गेला, त्या वेळी कमळाबाई जेवल्या नाहीत. मे महिन्याच्या अठरा तारखेला सकाळी उन्नतीच्या मोबाईलवर मेसेज आला आणि ती दापोड्याहून तडक धावत आली.

क्लेम मंजूर झाला होता, पण पूर्ण नाही. पूर्वा मॅडमनी मंजुरीची यादी आणून समजावून सांगितलं. विम्याच्या कागदावर जेवढा माल लिहिला होता, त्यापेक्षा दुकानात सीझनचा माल जास्त होता. चार गठ्ठ्यांपैकी तीनच गठ्ठ्यांचा विमा होता असं समजा. मग नुकसानभरपाईही चारातले तीन भागच मिळणार. धुराने खराब झालेल्या साड्याही धरल्या होत्या, कारण त्या धुतल्या नव्हत्या. कमळाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "चूक माझी हाय. आकडा मीच कमी सांगितला. तीन भागांत पुन्हा उभी राहीन मी." त्याच दुपारी त्यांनी घरमालकाला निरोप धाडला की गाळा सोडत नाही.

मी आनंदाने वाजलो असतो, पण अडकलेला होतो. तेवढ्यात उन्नतीने यादीचं शेवटचं पान उलटलं. त्यात नवीन शटरचे पैसे मंजूर होते. आणि त्याच्याखाली एक ओळ होती: जुनं शटर, एक नग, भंगार म्हणून वजा.

मित्रांनो, तो एक नग म्हणजे मी.

कमळाबाईंनी पूर्वा मॅडमना विचारलं, "याला ठोकून सरळ करता न्हाय येणार?" मॅडम माझ्यापाशी आल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "आगीने स्प्रिंगेचा कस गेलाय, मावशी. कधीतरी कुणाच्या डोक्यात पडेल." ते खरं होतं. मला माझ्या अंगातली ताकद ठाऊक होती. कमळाबाईंनी पेन हातात घेतलं, खूप वेळ धरून ठेवलं आणि सही केली. ज्या क्लेमसाठी मी देव पाण्यात घालून बसलो होतो, त्या क्लेमनेच माझी जागा घेतली. वाईट वाटलं. खोटं का सांगू, खूप वाईट वाटलं. पण मी राहिलो असतो आणि दुकान गेलं असतं, तर मी उघडून दाखवलं काय असतं?

महिना संपायच्या आत नवीन शटर आलं. मला उतरवून फुटपाथवर टेकवून ठेवलं. संध्याकाळी भंगारवाला टेम्पो आणि काटा घेऊन आला आणि मला तिथेच उचलायला लागला. कमळाबाई दुकानातून बाहेर आल्या.

"भैया, इसको मेरे सामने मत तोलो."

"ठीक है अम्मा. उधर जाके तौलेंगे."

मित्रांनो, माझं आता एवढंच सांगणं आहे. आज घरी गेलात की मोठ्यांना विचारा, आपला विमा आहे का आणि त्याचा कागद कुठे आहे. ज्या घराचा, ज्या दुकानाचा विमा, त्याच्याच खणात तो ठेवू नका. त्याचा फोटो काढा. त्यातला आकडा दरवर्षी वाचा, कारण माल वाढतो आणि आकडा झोपून राहतो. काही विपरीत घडलंच, तर आधी कळवा, मग झाडू हातात घ्या. जे घडलं तेच लिहा, आणि लिहिलेल्याची प्रत ठेवा. समोरच्याला आपला शब्द कळला नाही, तर शब्द बदलू नका, समजावून सांगा. आणि वापरून जुन्या झालेल्या वस्तूकडे कधीतरी मान वर करून बघत जा. आम्हाला पुरतं तेवढं.

टेम्पो सुरू झाला तेव्हा दुकानात पडघ्याहून आलेली एक बाई बसली होती. कमळाबाई तिच्यासमोर कोरी पांढरी साडी उलगडत होत्या, चिमटीत पदर धरून काहीतरी सांगत होत्या. टेम्पो नाक्यावर वळला तरी त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या गिऱ्हाइकात गुंतल्या होत्या, आणि मला जाता जाता नेमकं तेच बघायचं होतं.